न उतरण्याचा निर्णय

भंडारा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. धावपट्टी होती, ती १ मे १९९९ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली इंग्रजांनी बिरसी गावाजवळ ती बांधली. नंतर कित्येक वर्षं तिचं काय करायचं हे कुणालाच नीट ठरवता आलं नाही. काही वर्षं ती औद्योगिक विकास महामंडळाकडे होती, २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे आली. तेव्हा नागरी विमान वाहतूक खातं गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे होतं. त्या काळात बिरसीला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि धानाच्या बांध्यांवरून पांढरी, सडपातळ पंखांची, डायमंड कंपनीची विमानं घिरट्या घालू लागली. नियमित प्रवासी सेवेला मात्र मार्च २०२२ उजाडला.

रस्त्याच्या कडेला थांबून ही छोटी विमानं पाहणाऱ्याला एक गोष्ट कोड्यात पाडते. विमान उतरायला येतं, पट्टीवर आल्यासारखं दिसतं आणि एकदम आवाज चढवून पुन्हा वर निघून जातं. मग चौकोनी फेरी मारून परत येतं. पाहणाऱ्याला वाटतं, पोराला जमलं नाही. खरं तर त्या क्षणी पोराला जे जमलेलं असतं ते उतरण्यापेक्षा मोठं असतं. विद्यार्थ्याला एकट्याने विमान उडवायला सोडण्याआधी हे शिकवावंच लागतं: पूर्ण ताकद, नाक वर, पंखांमागचे फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत, चढ. वैमानिक याला ‘गो अराउंड’ म्हणतात, मराठी बोलणारे वैमानिकही तेच म्हणतात. हाताला ही क्रिया लवकर बसते. ती कधी करायची, हे मनात बसायला मात्र वेळ लागतो, आणि हजारो तास उडवलेल्या माणसाच्याही मनातून ते ऐन वेळी निसटू शकतं. हा लेख त्या निसटण्याबद्दल आहे.

भंडाऱ्याच्या माणसाला विमान गाठायचं तर नागपूर, सोनेगाव. साठेक किलोमीटर. तिथली धावपट्टी ३२०० मीटरची. आग्नेयेकडून, उमरेडच्या बाजूने विमान ३२ क्रमांकाच्या पट्टीला लागतं तेव्हा ते जमिनीशी तीन अंशांचा कोन धरून उतरत असतं. साध्या हिशोबात, दर सागरी मैलामागे सुमारे तीनशे फूट खाली. वेग १४० नॉटच्या, म्हणजे ताशी १४० सागरी मैलांच्या आसपास असेल तर मिनिटाला सातशे फूट. म्हणजे विमान एक हजार फुटांवर आल्यापासून चाकं टेकेपर्यंत दीड मिनिटसुद्धा नसतं.

त्या एक हजार फुटांवर कॉकपिटमध्ये आकडा पुकारला जातो. कधी यंत्र पुकारतं, कधी दुसरा वैमानिक. त्याला उत्तर दोनच शब्दांपैकी एक असतं: ‘स्टेबल’, नाहीतर ‘गो अराउंड’. विमान ठरलेल्या रेषेवर आणि ठरलेल्या उतारावर आहे का. वेग ठरवलेल्या वेगापेक्षा कमी नाही ना, वीस नॉटपेक्षा जास्त चढलेला नाही ना. खाली येण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत आहे का. चाकं बाहेर, फ्लॅप जागेवर, यादी वाचून पूर्ण. आणि हे सगळं राखायला बारीकसारीक दुरुस्त्याच पुरताहेत का, की सुकाणूशी झटापट चालली आहे. यातलं एकही चुकलं तर वर जायचं. आकाश निरभ्र असेल तर ही रेघ पाचशे फुटांवर ओढायची सवलत काही कंपन्या देतात. काही कंपन्या सरसकट हजारच धरतात. मला या दुसऱ्या कंपन्यांचं पटतं. हवा स्वच्छ असली की माणूस स्वतःला जास्त माफ करतो.

यापुढची रेघ पावसाळ्यात आणि हिवाळ्यात लागते. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या खोऱ्यात, तळ्याबोड्यांवर पहाटे धुवारी धरते तेव्हा धावपट्टी शेवटपर्यंत दिसत नाही. विमान रेडिओ किरणांच्या आधाराने खाली येतं. साध्या उपकरण प्रणालीवर जमिनीपासून दोनशे फुटांपर्यंत यायची मुभा असते आणि धावपट्टीवरची दृश्यता किमान ५५० मीटर लागते. दृश्यता त्याहून कमी असल्याचं आधीच कळलं तर हजार फुटांच्या खाली यायलाच बंदी. दोनशे फुटांवर यंत्र ‘मिनिमम्स’ म्हणतं. दिवे किंवा पट्टी दिसली असेल तर उतरायचं, नसेल तर वर. अजून दोन सेकंदं पाहू, ही सोय नाही, कारण दोनशे फुटांखाली शिल्लक राहतात सोळा-सतरा सेकंदं, आणि वर जायचं ठरवल्यावरही जड विमान थोडं खाली सरकून मगच चढू लागतं.

वाचणाऱ्याला इथे असं वाटेल की वैमानिकाचं कसब या शेवटच्या सेकंदांत निर्णय घेण्यात आहे. मला हा समज उलटा वाटतो. चांगला वैमानिक तिथे निर्णय घेत नाही. तो निर्णय त्याने कितीतरी किलोमीटर मागे, खूप उंचावर, कॉफीचा कप बाजूला ठेवून घेतलेला असतो. उतरण सुरू होण्याआधी दोघे वैमानिक एकमेकांना सगळं वाचून दाखवतात: कुठली पट्टी, वारा किती, ओली असेल तर थांबायला किती लांबी लागेल, कुठल्या उंचीवर काय दिसलं नाही तर वर जायचं, वर गेल्यावर कुठे वळायचं, इंधन किती प्रयत्नांना पुरेल, आणि मग कुठलं शहर. पाचशे फुटांवर आधी ठरलेलं फक्त पाळायचं असतं. तिथे नव्याने विचार करायला बसलेला माणूस धोक्यात असतो. पट्टी समोर दिसते आहे, थोडं उंच आहोत, पण ओढून नेता येईल, याआधीही नेलं आहे. शेवटच्या मिनिटात डोकं असंच चालतं, आणि तेव्हा त्याच्यासारखा वाईट सल्लागार दुसरा नाही.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोझिकोडला जे झालं ते विदर्भातल्या लोकांच्या लक्षात आहे, कारण कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या घरातले. वडील सैन्यातले निवृत्त अधिकारी, आईवडील नागपुरात राहणारे. स्वतः साठे हवाई दलात विंग कमांडर होते. अकादमीतून ‘स्वॉर्ड ऑफ ऑनर’ घेऊन बाहेर पडलेले, म्हणजे त्यांच्या तुकडीतले अव्वल. कोरोनाच्या दिवसांत परदेशी अडकलेल्यांना आणण्यासाठी ‘वंदे भारत’ मोहीम चालली होती. त्यातलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं बोइंग ७३७, आत १९० माणसं. कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली, टोकाला दरी. बाहेर पाऊस.

पहिल्यांदा ते २८ क्रमांकाच्या दिशेने उतरायला आले. कॅप्टनच्या बाजूच्या काचेवरचा वायपर सुरू झाला आणि काही सेकंदांत बंद पडला. त्यांनी उतरणं सोडलं आणि विमान वर नेलं. हे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालं, आणि या घटनेबद्दल बोलताना ते बहुतेक वेळा राहून जातं. ज्या माणसाबद्दल नंतर सगळ्या देशाने विचारलं की त्याने विमान वर का नेलं नाही, त्याने त्याच संध्याकाळी एकदा ते नेलं होतं.

दुसऱ्यांदा त्यांनी उलटं टोक, १० क्रमांकाची दिशा स्वीकारली. त्या दिशेला वारा पाठीमागून होता. शेवटच्या टप्प्यात खाली येण्याचा दर मिनिटाला पंधराशे फुटांच्या घरात गेला. सहवैमानिक अखिलेशकुमार यांनी लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण तो मवाळ होता, ठरलेल्या शब्दांत नव्हता. विमान पट्टीवर तरंगत पुढे गेलं. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं. ८८५८ फूट लांबीच्या पट्टीवर चाकं टेकली ती ४४३८ फुटांवर, निम्मी पट्टी मागे टाकून. पाठीमागचा वारा १४ नॉट, जमिनीवरचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. पट्टी संपली तेव्हाही वेग ८४.५ नॉट होता. विमान सुमारे ११० फूट खाली कोसळून विमानतळाच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर आदळलं, तीन तुकडे झाले. इंधन सांडलं, आग मात्र लागली नाही. दोन्ही वैमानिक आणि १९ प्रवासी गेले.

अपघात तपास विभागाच्या अहवालाने दोष दोघांत वाटला: कॅप्टनने अस्थिर उतरण चालू ठेवली आणि ‘गो अराउंड’ ऐकूनही वर गेले नाहीत; सहवैमानिकाने नियंत्रण स्वतःकडे घेऊन विमान वर नेलं नाही. एवढ्यावर थांबला असता तर तो नेहमीसारखा अहवाल झाला असता. पण तो पुढे जातो. कोझिकोडच्या तळावर कॅप्टन फार कमी आणि सहवैमानिक भरपूर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच निघणारं विमान साठे यांनाच न्यायचं होतं. विमान दुसऱ्या शहरात उतरलं असतं तर विश्रांतीचे तास धरून ते उड्डाण अडलं असतं. कोइमतूरसारखी पर्यायी विमानतळं जवळ होती आणि तिथवर जायला इंधन पुरेसं होतं. या विमानतळावर ते आधी कित्येकदा उतरले होते, अशाच पावसातही. अहवालाने हा अनुभवसुद्धा कारणांमध्ये धरला आहे.

मला या सगळ्यात खटकतं ते वेळापत्रक. उद्याचं विमान कोण नेणार हा प्रश्न कार्यालयातल्या टेबलावरचा. तो सुटला नाही म्हणून पावसात, बंद वायपरच्या मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यात जाऊन बसला असणार. कुणी त्याला म्हटलं नसेल की उतरच. म्हणायची गरजही नव्हती. आणि पहिल्यांदा सोडून दिलेली उतरण दुसरीवर ओझं टाकते: आता जमवायलाच हवं. म्हणूनच दुसऱ्या प्रयत्नाआधी सगळं वाचन नव्याने करायचं असतं. वारा बदलला, दिशा बदलली, ओल्या पट्टीवर लागणारी लांबी बदलली, तर मघाचे आकडे निरुपयोगी असतात.

सहवैमानिकाबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे शाळेपासून ‘सर’ म्हणायची सवय. अलीकडेच खांद्यावर पट्ट्या लागलेल्या तरुणाने अव्वल नंबराच्या, हवाई दलातून आलेल्या कॅप्टनच्या हातातून विमान काढून घ्यायचं, हे वाचायला सोपं आहे. नियम स्पष्ट आहे: दोघांपैकी कुणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की वर जायचं, वाद जमिनीवर घालायचा. विमान न उडवणाऱ्याचं कामच ते, आकडे पाहणं आणि बोलणं. प्रशिक्षणात चढत्या पायऱ्या शिकवतात: आधी आकडा सांगा, मग करायची कृती सांगा, मग नियंत्रण घ्या. पण खोट्या कॉकपिटमध्ये, जिथे समोरचा प्रशिक्षक मुद्दाम चूक करतो आहे हे ठाऊक असतं, तिथे नियंत्रण घेणं वेगळं, आणि ज्यांच्या हाताखाली पुढची चार वर्षं काढायची त्यांच्याकडून घेणं वेगळं.

कोझिकोडच्या दहा वर्षं आधी मंगळुरूला हेच झालं होतं, जास्त भीषण. २२ मे २०१०, पुन्हा दुबईहून आलेलं विमान, पुन्हा डोंगरावरची पट्टी. १६६ पैकी ८ वाचले. चौकशी समितीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. समितीसमोर आलेल्या ध्वनिमुद्रणात बराच काळ कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. जागे झाल्यावर विमान उतरणीच्या रेषेच्या खूप वर होतं. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ एकदा नाही, तीनदा सुचवलं. आठ हजार फुटांच्या पट्टीवर चाकं टेकली ती पाच हजारांच्या पुढे. आणि मग कॅप्टनने इंजिनांचा उलटा जोर लावून विमान थांबवायला घेतलं आणि अर्ध्यावर विचार बदलून पुन्हा उडवायचा प्रयत्न केला.

वर जाण्याचा पर्याय कायमचा खुला नसतो. इंजिनांचा उलटा जोर लावला की दार बंद झालं, आता फक्त थांबायचं, असा विमान बनवणाऱ्यांचा नियम आहे. तोवर वर जाणं शहाणपणाचं असतं आणि त्या क्षणानंतर तेच घातक. कॅप्टनने ब्रेक धरून ठेवले असते तर ते विमान कदाचित फरसबंदीवरच थांबलं असतं, असं समितीचा हिशोब सांगत होता.

या दोन घटना टोकाच्या. रोजचं चित्र वेगळं आणि एका अर्थी जास्त काळजीचं आहे. ‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या अमेरिकेतल्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटलं आहे की अस्थिर ठरलेल्या उतरणींपैकी जेमतेम तीन टक्क्यांमध्ये वैमानिक वर जातात. उरलेले उतरतात. आणि पट्टी सोडून बाहेर गेलेल्या विमानांच्या सोळा वर्षांच्या अपघातांत ८३ टक्के केवळ वर जायचं ठरवलं असतं तर टळले असते. पहिला आकडा वाचून वैमानिक बेफिकीर आहेत असं वाटेल. तसं नाही. त्या ९७ टक्क्यांतले जवळजवळ सगळे सुखरूप उतरतात, म्हणून ते पुढेही तसंच करतात. थोड्या जास्त वेगाने आलो, पट्टी लांब होती, थांबलो. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी तो थोडा जास्त वेग नेहमीचा वाटतो. असं सवयीनं सैल झालेलं प्रमाण मग एखाद्या रात्री आखूड, ओल्या पट्टीवर, पाठीमागच्या वाऱ्यात उपयोगाला येत नाही.

वर जाणं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. ज्यांनी ते कधीतरीच केलं आहे त्यांना ते अंगावर येतं. कंपनीचा साधा वैमानिक वर्षातून एखाद-दोनदा खरोखर वर जातो, बाकी सराव सिम्युलेटरमध्ये. एकदम पूर्ण ताकद दिल्यावर हलकं झालेलं विमान उसळतं, पाठ सीटवर दाबली जाते. अंधारात किंवा ढगात कानातला तोल फसवतो: नाक फार वर गेलं आहे असं वाटून वैमानिक ते खाली ढकलतो. रशियात रोस्तोवला मार्च २०१६ मध्ये फ्लायदुबईचं विमान असंच वर जाताना जमिनीत घुसलं, आतले सगळे ६२ जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं बोइंग ७७७ पट्टीला टेकून पुन्हा उठलं. चाकं टेकल्यामुळे ताकद वाढवणारं बटण काम करत नव्हतं आणि हे दोघा वैमानिकांच्याही लक्षात आलं नाही. चाकं आत घेतली, विमान पोटावर बसलं, पेटलं. आतले तीनशे जण बाहेर पडले. आग विझवणारा एक जवान गेला. आणि कराची, २२ मे २०२०, मंगळुरूला बरोबर दहा वर्षं झाली त्याच तारखेला: फार उंचावरून, फार वेगाने, चाकं न काढता विमान पट्टीवर इंजिनं घासत गेलं आणि मग वर उठलं. घासलेली दोन्ही इंजिनं काही मिनिटांत बंद पडली. विमानातल्या ९९ पैकी ९७ जण गेले. हजार फुटांवर सोडायची ती उतरण त्यांनी पट्टीवर सोडली.

यावरून एक समजतं: लवकर सोडलेली उतरण सोपी, उशिरा सोडलेली अवघड. हजार फुटांवरून वर जाणं म्हणजे थांबा चुकलेल्या एसटीने पुढच्या चौकातून वळून येणं. वीस फुटांवरून वर जाणं ही वेगळीच कसरत आहे.

इंधनाचा हिशोब याला चिकटलेला. ठरलेल्या ठिकाणी पोचणं, तिथून पर्यायी विमानतळ गाठणं, आणि वर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं राखीव, एवढं तर कायद्यानेच लागतं. ऑगस्ट २०१५ मध्ये दोहाहून कोचीला निघालेलं जेट एअरवेजचं विमान धुक्यात कोचीला पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिलं, मग तिरुवनंतपुरमला जाऊन तिथेही वर जात राहिलं, आणि अखेर टाकीत काहीशे किलो इंधन उरलं असताना कसंबसं उतरलं. प्रत्येक वेळी वर जाण्याचा निर्णय बरोबर होता. चुकला तो पुढचा निर्णय, आता इथे नको, दुसरीकडे, हा. म्हणून किती प्रयत्न करायचे हेसुद्धा आधीच ठरवायचं असतं. देशाच्या मधोमध असल्यामुळे नागपूर अशा वेळी इतरांचा आसरा होतं. मुंबईवर किंवा हैदराबादवर ढग फुटला की सोनेगावच्या फलाटावर परकी विमानं येऊन उभी राहतात. मे महिन्यात नागपूरवरच वावधान आलं तर इथली विमानं दुसरा दरवाजा शोधतात.

आता थोडं आपल्या वर्तमानपत्रांबद्दल. विमान वर गेलं की दुसऱ्या दिवशी बातमी येते: लँडिंग फसलं, प्रवाशांचा जीव टांगणीला, वैमानिकाच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला. तिन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. बहुतेक वेळा अनर्थ जवळही आलेला नसतो. पुढचं विमान पट्टीवरून वेळेत हटलं नाही, कुत्रं शिरलं, वाऱ्याने झटका दिला, किंवा हजार फुटांवर वेग ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाच नॉट जास्त होता. नियंत्रण कक्षही वर जायला सांगू शकतो आणि मुंबईसारख्या खचाखच विमानतळावर सांगतो. प्रवाशांना जास्त भीती वाटते ती शांततेची: विमान उसळतं, इंजिनं गर्जतात आणि समोरून तीन-चार मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. त्या मिनिटांत दोघा वैमानिकांचे हात भरलेले असतात. चाकं आत, फ्लॅप आत, ठरलेली उंची, वळण, नियंत्रण कक्षाशी बोलणं. प्रवाशांचा नंबर शेवटी लागतो, आणि तो शेवटीच लागायला हवा.

वर गेलेल्या वैमानिकाला कुणी जाब विचारायचा नाही, असं धोरण आता बहुतेक कंपन्यांनी कागदावर स्वीकारलं आहे. कागद आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मोजायला एक सोपी जागा आहे. प्रत्येक उड्डाणाच्या आकड्यांची नोंद जमिनीवर उतरवून तपासली जाते: वेग, उतार, चाकं पट्टीच्या कितव्या फुटावर टेकली. सुरक्षा विभागाकडून फोन कुणाला जातो ते पाहावं. इंधन जाळून, पंधरा मिनिटं उशिरा आलेल्याला जातो, की हजार फुटांवर अस्थिर असूनही वेळेवर, अलगद उतरून टाळ्या मिळवणाऱ्याला.